चेंबरमध्ये जाण्याआधी केबलवरचा प्रवाह मोजा

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या छोट्या कारखान्यात नवं इलेक्ट्रॉनिक उपकरण तयार होतं, तेव्हा ईएमआय-ईएमसीची चाचणी बहुतेकदा सगळ्यात शेवटी उरते. बोर्ड चालू असतो, सॉफ्टवेअर बसलेलं असतं, कॅबिनेटची डाय निघालेली असते, गिऱ्हाईक माल कधी देता म्हणून विचारत असतं. मग लॅबची तारीख घेतली जाते. आणि त्या चाचण्यांपैकी ‘रेडिएटेड एमिशन’ या एका चाचणीत, म्हणजे उपकरणातून हवेत फेकल्या जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींच्या मोजणीत, भल्याभल्यांचं गाडं अडतं. फेलचा रिपोर्ट हातात पडतो, कारण कळत नाही, चेंबरचं भाडं तासावर चढत राहतं आणि बोर्ड पुन्हा काढायचा म्हटलं की महिना-दीड महिना जातो.

हे टाळता येतं. त्यासाठी स्वतःचं चेंबर लागत नाही, महागडा रिसीव्हरही लागत नाही. एक साधा स्पेक्ट्रम अॅनालायझर, केबलभोवती बसणारा करंट प्रोब आणि लाकडी टेबल एवढ्यावर बहुतेक दोष कारखान्यातच सापडतात. लॅबमध्ये जायचं ते पास होतोय याची खात्री करून घ्यायला. दोष शोधायला तिथे जाणं परवडत नाही. हा लेख त्या टेबलावरच्या कामाबद्दल आहे.

आधी लॅबमध्ये नेमकं काय मोजतात ते पाहू. चेंबरच्या भिंती आणि छत लहरी शोषून घेणाऱ्या शंकूंनी मढवलेलं असतं, जमीन मात्र धातूची असते. तुमचं उपकरण ८० सेंटिमीटर उंचीच्या, वीज न वाहणाऱ्या टेबलावर ठेवतात. टेबल फिरत्या चकतीवर असतं. ३ किंवा १० मीटरवर अँटेना. चकती ३६० अंशांत फिरते, अँटेना १ ते ४ मीटर वरखाली होतो आणि तो आडवा व उभा अशा दोन्ही स्थितींत लावून मोजणी होते. अँटेना वरखाली का करायचा, असा प्रश्न पडतो. उपकरणाकडून थेट येणारी लहर आणि जमिनीवरून परतून येणारी लहर एखाद्या उंचीवर एकमेकींना मारतात, तर दुसऱ्या उंचीवर एकमेकींत मिळतात. सर्वांत मोठा आकडा जिथे मिळेल तोच धरायचा, असा नियम आहे.

आधी ‘पीक’ डिटेक्टरने झटपट स्कॅन होतो. जिथे शिखरं मर्यादेच्या जवळ किंवा वर दिसतात, तेवढ्याच फ्रिक्वेन्सी ‘क्वासी-पीक’ डिटेक्टरने पुन्हा मोजतात. क्वासी-पीकमागे जुना विचार आहे. रेडिओ घरोघरी आला तेव्हा मोटारी, ट्राम आणि विजेची यंत्रं यांच्यामुळे ऐकणाऱ्यांना होणारा त्रास आवरायला १९३४ मध्ये ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती कामाला लागली. क्वचित येणारी एखादी टिकटिक माणूस सहन करतो, सतत चालणारी खरखर करत नाही. म्हणून आवाज किती मोठा आहे, याबरोबर तो किती वेळा येतो याचंही वजन धरणारा डिटेक्टर घेतला गेला. तुमच्या दृष्टीने याचा व्यवहारी अर्थ असा, की क्वासी-पीकचा आकडा पीकपेक्षा कधीच मोठा नसतो. टेबलावर पीक मोडमध्ये मर्यादेखाली असाल, तर क्वासी-पीकची काळजी नको. मात्र अॅनालायझरची बँडविड्थ ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात १२० किलोहर्ट्झ ठेवा. छोट्या अॅनालायझरवर नेमकी तीच नसेल, तर १०० किलोहर्ट्झ चालेल.

आता मर्यादा. घरगुती वापराच्या उपकरणांसाठी, म्हणजे क्लास बी साठी, सिस्पर ३२ या मानकात १० मीटरवर ३० ते २३० मेगाहर्ट्झपर्यंत ३० आणि त्यापुढे १ गिगाहर्ट्झपर्यंत ३७ डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढी मुभा आहे. ३ मीटरवर मोजलं तर हेच आकडे ४० आणि ४७ होतात. औद्योगिक वापराच्या क्लास ए ला त्याहून १० डेसिबल जास्त मिळतात. अमेरिकेच्या एफसीसी पार्ट १५ मध्ये क्लास बी साठी ३ मीटरवर ३० ते ८८ मेगाहर्ट्झला ४०, २१६ पर्यंत ४३.५, ९६० पर्यंत ४६ आणि त्यापुढे ५४ अशी पायरी-पायरीने चढणारी रेषा आहे.

४० डेसिबल म्हणजे मीटरमागे फक्त १०० मायक्रोव्होल्ट. उपकरण सगळ्या दिशांना सारखंच लहरी फेकतं असं धरून हिशोब केला, तर ३ मीटरवर एवढं क्षेत्र निर्माण करायला सुमारे ३ नॅनोवॅट शक्ती पुरते. तुमचा बोर्ड ५ वॅट खात असेल, तर त्यातला दीड अब्जाव्या भागाहूनही लहान हिस्सा हवेत निसटला की नापास. म्हणून ‘आमचं सर्किट तर एवढंसं आहे, त्यातून काय रेडिएट होणार’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

या मर्यादा जाचक वाटतात, पण त्या कोणाच्या कामाच्या आहेत हे पाहायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेले आहेत. आपल्या उपकरणांची खरखर ज्या पट्ट्यात असते, साधारण त्याच पट्ट्यात, म्हणजे सुमारे १२० मेगाहर्ट्झपासून दीड गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत, ती आकाशातले अतिक्षीण संकेत ऐकते. जागा निवडताना तिथली रेडिओ-शांतता हे एक मोठं कारण होतं. आजूबाजूच्या गावांतल्या ठिणग्या मारणाऱ्या विजेच्या तारांपासून घरातल्या उपकरणांपर्यंत प्रत्येक गोष्ट तिथल्या शास्त्रज्ञांच्या डोक्याला ताप असते. विमानांचं संभाषण, पोलिसांचे वायरलेस, रुग्णालयातली यंत्रं यांचंही गाऱ्हाणं तेच. मर्यादा पाळणं हे रिपोर्टसाठी करायचं काम नाही, अशी माझी ठाम समजूत आहे.

मानक कोणतं लागू, हे डिझाइनच्या पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा. संगणक, नेटवर्क, ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांना सिस्पर ३२. मिक्सर-पंख्यासारख्या घरगुती यंत्रांना सिस्पर १४. दिव्यांना सिस्पर १५. औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांना सिस्पर ११, वैद्यकीय असेल तर आयईसी ६०६०१-१-२ च्या छत्राखाली. गाडीत बसणाऱ्या भागांचा संसार वेगळा: तिथे आपल्याकडे एआयएस-००४ भाग ३ आणि वाहन कंपन्यांच्या स्वतःच्या अटी चालतात, आणि त्या बऱ्याचदा मानकाहून कडक असतात. दूरसंचार उपकरण असेल तर टीईसीच्या प्रमाणपत्राची वाट. युरोपला माल पाठवायचा असेल तर ईएमसी डायरेक्टिव्ह, आणि उपकरणात वाय-फाय किंवा ब्लूटूथ असेल तर रेडिओ डायरेक्टिव्ह. तयार प्रमाणित वाय-फाय मॉड्यूल बसवलं म्हणजे आपली सुटका झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मॉड्यूलचं प्रमाणपत्र मॉड्यूलपुरतं. तुमचा बोर्ड, तुमचा पॉवर सप्लाय, तुमच्या केबली यांची मोजणी तुम्हालाच करावी लागते.

मोजणी कुठपर्यंत करायची, हे उपकरणातल्या सर्वांत वेगवान क्लॉकवर ठरतं. सिस्पर ३२ नुसार ते १०८ मेगाहर्ट्झच्या आत असेल तर १ गिगाहर्ट्झपर्यंत, ५०० च्या आत असेल तर २ पर्यंत, १ गिगाहर्ट्झच्या आत असेल तर ५ पर्यंत आणि त्याहून वेगवान असेल तर पाचपट किंवा ६ गिगाहर्ट्झ, यांपैकी जे कमी असेल तिथपर्यंत. आतल्या प्रोसेसरचं क्लॉक पीएलएलने वाढवलेलं असतं, हे विसरू नका. बोर्डावर क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा दिसतो आणि आत ४८० चालू असतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपकरण फेल झालं, तर संशय आधी केबलवर घ्या, बोर्डावर नंतर. या पट्ट्यात तरंगलांबी १० मीटरपासून १ मीटरपर्यंत असते. १० सेंटिमीटरचा बोर्ड एवढ्या लांब लहरींसाठी अगदीच तोकडा अँटेना आहे. पण त्यातून बाहेर पडणारी १ मीटरची सेन्सर केबल ७५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची होते, आणि दीड मीटरची पॉवर केबल १०० मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची. बोर्ड हा ट्रान्समीटर, केबल हा अँटेना अशी जोडी जमून जाते.

त्या केबलमधून जाणारा नेहमीचा सिग्नल इथे गुन्हेगार नसतो. तो एका तारेने जातो आणि शेजारच्या तारेने परततो. दोन्हींची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खोडून काढतात. त्रास देतो तो ‘कॉमन मोड’ प्रवाह, म्हणजे केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा आणि परतीची वाट हवेतून, आजूबाजूच्या धातूतून शोधणारा. बोर्डाचं ग्राउंड सगळीकडे सारख्या व्होल्टेजवर नसतं. प्रोसेसरजवळचं ग्राउंड आणि कनेक्टरजवळचं ग्राउंड यांत काही मिलिव्होल्टांचा जरी फरक पडला, तरी तेवढा फरक केबलला ढकलायला पुरतो. सर्किट डायग्रामवर हा प्रवाह कुठेच काढलेला नसतो. म्हणून तो डायग्राम बघून सापडत नाही, मोजावाच लागतो.

किती प्रवाह चालतो? १ मीटरची केबल, ५० मेगाहर्ट्झ आणि एफसीसी क्लास बी ची मर्यादा घेऊन हिशोब केला, तर उत्तर सुमारे ५ मायक्रोअॅम्पिअर येतं. क्लास ए ला सुमारे १५. ईएमसी शिकवणारे हेन्री ऑट यांनी हा ५ मायक्रोअॅम्पिअरचा ठोकताळा इंजिनिअरांच्या गळी उतरवला. मी तर म्हणेन, प्रत्येक डिझाइन करणाऱ्याने तो टेबलासमोरच्या भिंतीवर लिहून ठेवावा. अँटेना विकत घेण्याआधी करंट प्रोब घ्या. कारखान्यात अँटेना लावला की आकाशवाणीची एफएम, मोबाईलचे टॉवर, शेजारच्या शेडमधला व्हीएफडी हे सगळे त्यात येऊन बसतात आणि तुमचं उपकरण त्या गर्दीत सापडत नाही. प्रोब केबलला मिठी मारून बसतो. त्याला बाहेरचं कमी आणि तुमचं जास्त ऐकू येतं.

तयार प्रोब महाग वाटत असेल तर घरी बनतो. केबलवर चिमट्यासारखं बसवायचं, दोन भागांत उघडणारं फेराइट घ्या. एका अर्ध्यावर बारीक इनॅमल तारेचे पाच वेढे शेजारी-शेजारी घाला आणि दोन्ही टोकं एका एसएमए किंवा बीएनसी कनेक्टरला जोडा. अॅनालायझरचं ५० ओहमचं इनपुट आणि पाच वेढे यांचा भागाकार १० ओहम, हा तुमच्या प्रोबचा साधारण ट्रान्स्फर इम्पीडन्स. डेसिबलमध्ये २०. खात्री करायची असेल तर सिग्नल जनरेटरपासून ५० ओहमच्या टर्मिनेशनपर्यंत एक आखूड तार टाका, ती प्रोबमधून ओवा आणि जनरेटरमधून उणे २० डीबीएम सोडा. तारेतला प्रवाह ५३ डेसिबल-मायक्रोअॅम्पिअर होतो. अॅनालायझरवर ७३ डेसिबल-मायक्रोव्होल्ट आले, तर प्रोब हिशोबाप्रमाणे आहे. ३० पासून ३०० मेगाहर्ट्झपर्यंत काही ठिकाणी हे करून एक छोटा तक्ता बनवा. मग ५ मायक्रोअॅम्पिअर, म्हणजे १४ डेसिबल-मायक्रोअॅम्पिअर, तुमच्या पडद्यावर ३४ डेसिबल-मायक्रोव्होल्ट किंवा उणे ७३ डीबीएम असे दिसतील. खिशात मावणारे टायनीएसएसारखे स्वस्त अॅनालायझरही एवढं सहज दाखवतात. फक्त त्यांच्या पडद्यावर स्वतःची भुतं उमटतात. एखादं शिखर खरं आहे का हे पाहायला इनपुटला १० डेसिबलचा अॅटेन्युएटर लावा. शिखर नेमकं १० ने उतरलं तर ते खरं. त्याहून जास्त उतरलं तर ते अॅनालायझरच्या आत तयार झालेलं आहे.

मोजताना टेबल लाकडी हवं, केबली लोखंडी कपाटापासून आणि एकमेकींपासून दूर, हातभर मोकळ्या पसरलेल्या. आधी उपकरण बंद ठेवून नोंद घ्या. केबल अँटेनासारखी बाहेरचंही पकडते, त्यामुळे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएमची शिखरं दिसणारच. ती लिहून ठेवली की पुढे गोंधळ होत नाही. मग उपकरण चालू करा आणि प्रोब केबलवरून हळूहळू सरकवत न्या. प्रवाह केबलभर सारखा नसतो, कुठे फुगतो, कुठे आटतो. सर्वांत मोठा आकडा टिपायचा. एका केबलचं झालं की दुसरी. पॉवरची केबलही यातून सुटत नाही. मेन्सची केबल असेल तर प्रोब तिच्या इन्सुलेशनवरूनच बसतो, त्यात धोका नाही. पण उघड्या एसएमपीएसच्या प्राथमिक बाजूला उघड्या तारेचा प्रोब नेऊ नका, आणि अॅनालायझरचं इनपुट कोणत्याही परिस्थितीत मेन्सला जोडलेल्या बिंदूला थेट लावू नका.

एक उदाहरण घेऊ. समजा, शेतातल्या पंपाचा कंट्रोलर आहे: आत एसएमपीएस, प्रोसेसर, इथरनेट, आणि बाहेर पाण्याच्या पातळीच्या सेन्सरची दोन मीटर केबल. प्रोबवर १२५ आणि १७५ मेगाहर्ट्झला सुईसारखी उभी शिखरं दिसतात आणि ४० ते ९० मेगाहर्ट्झमध्ये गवतासारखा रुंद उंचवटा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सुया म्हणजे क्लॉकच्या पटी. १२५ आणि १७५ हे दोन्ही २५ च्या विषम पटी, म्हणजे इथरनेटचा २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. रुंद उंचवटा स्विचिंग सप्लायचा. सेन्सर केबल काढली की सुया जवळजवळ नाहीशा होतात, उंचवटा राहतो. म्हणजे सुयांचा अँटेना सेन्सर केबल, उंचवट्याचा पॉवर केबल. पाच मिनिटांत एवढं कळलं. हेच चेंबरमध्ये शोधायला अर्धा दिवस जातो.

आता बोर्डाकडे. सेन्सरच्या कनेक्टरपाशी ग्राउंड कसं पोहोचतंय पाहा. बरेचदा दिसतं ते असं: दोन थरांच्या बोर्डावर ग्राउंडचा पट्टा ट्रॅकांनी मध्येच कापलेला, इथरनेटच्या क्लॉकचा ट्रॅक त्या कापाच्या वरून गेलेला, आणि सेन्सरचा कनेक्टर कापाच्या पलीकडे. क्लॉकचा परतीचा प्रवाह काप ओलांडू शकत नाही, वळसा घेतो, आणि वळशात ग्राउंडवर जो व्होल्टेज पडतो तो सेन्सर केबलला मिळतो. इथे खरा उपाय अखंड ग्राउंडचा थर हाच. चार थरांचा बोर्ड महाग म्हणून टाळणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की दोन थरांवर वाचवलेले पैसे लॅबच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत पुरेपूर जातात. ज्यातून केबली बाहेर पडतात अशा प्रोसेसर-बोर्डाला चार थर द्या.

दुसरा उपाय स्रोतापाशी. क्लॉक सोडणाऱ्या पिनेलगत २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर मालिकेत घाला. कडा थोड्या बोथट होतात आणि वरच्या पटी खाली बसतात. कडा चढायला १ नॅनोसेकंद लागत असेल, तर सुमारे ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत पटींना जोर राहतो. ५ नॅनोसेकंद लागत असतील, तर ६४ मेगाहर्ट्झनंतरच उतार तीव्र होतो. गरज नसताना वेगवान लॉजिक वापरू नका. प्रोसेसरच्या पिनांचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी करता येत असेल तर तो करा. त्याला एक पैसाही लागत नाही. स्विचिंग सप्लायच्या बाबतीत इनपुटचा सिरॅमिक कपॅसिटर स्विचच्या अगदी अंगाला लावा. त्या कपॅसिटर, स्विच आणि डायोडचा वेढा जेवढा लहान, तेवढी खरखर कमी.

तिसरा उपाय केबल बाहेर पडते तिथे. धातूचं कॅबिनेट असेल तर प्रत्येक तारेपासून कॅबिनेटपर्यंत आखूड जोडणीचा छोटा कपॅसिटर, किंवा कॉमन मोड चोक. शिल्ड असलेली केबल असेल तर शिल्ड कनेक्टरच्या धातूला चहूबाजूंनी टेकलं पाहिजे. शिल्ड पिळून त्याची शेपटी करून स्क्रूला बांधायची सवय सगळीकडे आहे. तारेच्या दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री धरा. १०० मेगाहर्ट्झला तेच ६ ओहम होतात. पाच सेंटिमीटरच्या शेपटीने शिल्डचा पुष्कळसा फायदा घालवला. आणि कॅबिनेटच्या पावडर कोटिंगकडे लक्ष द्या. हे मी प्रत्येक कारखान्यात सांगतो. पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. झाकण आणि पेटी दोन्ही लोखंडाची, पण जोडाच्या दोन्ही कडांवर रंग. मग झाकण आणि पेटी यांच्यात विजेचा संबंध फक्त स्क्रूपुरता उरतो आणि दोन स्क्रूंमधली फट रेडिएट करते. कोटिंगवाल्याला ड्रॉइंग देतानाच जोडाच्या कडा, अर्थिंगचा बोल्ट आणि कनेक्टरची बैठक मास्क करायला सांगा. नंतर खरवडून काढलेली जागा गंजते.

फेराइटबद्दलही थोडं. केबलवर फेराइट लावणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, आणि तो चालतोही, पण त्याची मर्यादा ओळखा. एक चांगलं फेराइट १०० मेगाहर्ट्झच्या आसपास १०० ते २०० ओहम अडथळा देतं. केबलचा स्वतःचा इम्पीडन्स त्याच घरातला असतो, त्यामुळे ३ ते ६ डेसिबल उतरतात. १५ डेसिबलने फेल झालेलं उपकरण फेराइटने पास होत नाही. केबलचे दोन वेढे घेतले तर खालच्या फ्रिक्वेन्सीला अडथळा जवळजवळ चौपट होतो, वर मात्र वेढ्यांमधल्या कपॅसिटन्समुळे फायदा घटतो. मटेरियल पाहून घ्या: पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी बनवलेलं फेराइट इथे उपयोगाचं नाही.

नियर-फील्ड प्रोब, म्हणजे टोकाला छोटा वेढा असलेला प्रोब, मी मुद्दाम मागे ठेवला आहे. तो बोर्डावर फिरवायला मजा येते आणि प्रोसेसरवर नेला की शिखरं उसळतात. पण जवळचं क्षेत्र मोठं आहे म्हणजे लांबवर लहर जाते, असं नाही. केबलवर कोणत्या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह आहे हे आधी ठरवा, आणि मग तेवढीच फ्रिक्वेन्सी बोर्डावर कुठे जन्म घेते आणि कोणत्या वाटेने कनेक्टरपर्यंत जाते, हे शोधायला हा प्रोब वापरा. ३०० मेगाहर्ट्झच्या वर मात्र त्याचं मोल वाढतं. तिथे तरंगलांबी लहान होते, बोर्ड, हीटसिंक आणि कॅबिनेटच्या फटी स्वतःच अँटेना बनतात. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबीचा विसावा भाग म्हणजे दीड सेंटिमीटर. डिस्प्लेची खिडकी त्याहून कितीतरी मोठी असते.

दुरुस्त्या करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. एक उपाय केला, आकडा हलला नाही, म्हणून तो काढून टाकला आणि दुसरा केला, असं करू नका. गळक्या छपराला तीन भोकं असतील तर एक बुजवलं म्हणून खालची बादली कोरडी होत नाही; पण बुजवलेलं उघडलंत तर ती कधीच होणार नाही. दोन केबली सारख्याच जोराने रेडिएट करत असतील आणि एकीला पूर्ण गप्प केलंत, तरी आकडा बहुधा ३ डेसिबलच्या आसपासच उतरेल. उपाय करत जा, सगळे ठेवा, पास झाल्यावर एकेक काढून पाहा कोणता खरंच लागतो. प्रत्येक पायरीची फ्रिक्वेन्सी आणि आकडा वहीत लिहा.

टेबलावर सगळं ठीक दिसलं तरी लॅबला जाताना ६ डेसिबलची मोकळीक हातात ठेवा. दोन चांगल्या लॅबांच्या आकड्यांतही मोजणीच्या अनिश्चिततेमुळे काही डेसिबलांचा फरक पडतो, आणि तुमचं टेबल काही चेंबर नाही. लॅब निवडताना एनएबीएलची मान्यता तुम्हाला हव्या त्या मानकासाठी आहे का, हे मान्यतेच्या यादीत पाहून घ्या. नुसती ‘एनएबीएल लॅब’ एवढं पुरेसं नाही. आपल्याकडे पुण्यात एआरएआय, मुंबईत समीर आणि एसटीक्यूसीची ईआरटीएल अशा सार्वजनिक संस्था आहेत, खासगी लॅबही आहेत. वाहनाच्या भागासाठी एआरएआयकडे जाणं स्वाभाविक. बाकीच्यांनी मानक, तारीख आणि अंतर पाहून ठरवावं. आधीच विचारा, चाचणी चालू असताना चेंबरमध्ये येऊन सोल्डरिंग करायची मुभा आहे का. काही ठिकाणी डीबगिंगसाठी वेगळे तास घ्यावे लागतात.

त्या दिवशी काय न्यायचं? उपकरणाचे दोन नग. शेतात किंवा कारखान्यात खरोखर लागतात त्याच केबली, त्याच लांबीच्या. खास चाचणीसाठीचं सॉफ्टवेअर: इथरनेटवर सतत डेटा, डिस्प्ले पूर्ण चालू, रिले वाजताहेत, प्रोसेसर झोपत नाही. मोजणीच्या मधोमध उपकरण स्लीपमध्ये गेलं तर रिपोर्ट निरुपयोगी. सोबत कॉपर टेप, फेराइटं, मोजके कपॅसिटर-रेझिस्टर, सोल्डरिंग आयर्न आणि जो सोल्डर करू शकतो असा माणूस. लॅपटॉप जोडायचा असेल तर तो चेंबरबाहेर ठेवता येईल अशी केबल घ्या. लॅपटॉपचा चार्जर स्वतःच पुष्कळ खरखर करतो. पहिली मोजणी तुमचं उपकरण बंद आणि बाकी सारं चालू ठेवून करून घ्या. ती शांत नसेल तर पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद.

रिपोर्ट पास आला की त्यावर नगाचे फोटो, बोर्डाचा आवृत्ती क्रमांक, पॉवर अॅडॅप्टरचा मॉडेल क्रमांक आणि केबलींची लांबी नीट छापून आली आहे का, ते जागच्या जागी तपासा. त्याच दिवशी, कारखान्यात परत आल्यावर, पास झालेला तोच नग टेबलावर ठेवून प्रत्येक केबलवरचा प्रवाह पुन्हा मोजा आणि तो आलेख सांभाळून ठेवा. हा तुमचा मापदंड. सहा महिन्यांनी खरेदी विभाग स्वस्त अॅडॅप्टर आणेल, एखादा आयसी मिळेनासा होईल आणि पिनला पिन जुळणारा दुसरा येईल. नव्या आयसीच्या कडा जुन्यापेक्षा वेगवान असू शकतात, आणि ते डेटाशीट वाचून बरेचदा कळत नाही. बदललेला नग त्याच टेबलावर, त्याच केबली तशाच पसरून, त्याच प्रोबने मोजा. आलेख जुन्याच्या ३ डेसिबलच्या आत असेल तर उत्पादन चालू ठेवा. त्याहून वर गेला तर माल पाठवण्याआधी थांबा आणि लॅबला फोन करा.